'अजून एक हंगाम': अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंचे पात्रतेचे खटले, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी कॉलेज फुटबॉल लावून बसणाऱ्या मराठी घरांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: "हा बाबा अजून कॉलेजातच आहे?" प्रश्न रास्त आहे. पडद्यावर चांगला बाप्या झालेला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल ठरवून चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, असतो, अंगात त्याच्या तिसऱ्या कॉलेजची जर्सी असते आणि समालोचक मध्येच कुठल्याशा न्यायाधीशाचं नाव घेतात. फुटबॉलच्या सामन्यात न्यायाधीश कुठून उपटले, हे कळायला २०२४ च्या हिवाळ्यापासून सुरुवात करावी लागते. खालचा हिशेब २०२६ च्या फेब्रुवारीपर्यंतचा आहे.

मुळात नियम काय आहे?

पाच वर्षांत चार हंगाम. अमेरिकेतले कॉलेजचे खेळ चालवणारी संस्था म्हणजे एनसीएए, मुख्यालय इंडियानापोलिसला. सुमारे ११०० कॉलेजं तिची सभासद आहेत आणि पाच लाखांवर खेळाडू तिच्या नियमांखाली खेळतात. सगळ्यात वरच्या, म्हणजे पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळाडूला एका खेळाचे चारच हंगाम मिळतात आणि ते पाच वर्षांच्या आत संपवावे लागतात. ही पाच वर्षं मोजायला सुरुवात होते ती खेळायला लागल्यापासून नव्हे. कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ नाव घालून पहिल्या तासाला बसलात, की घड्याळ सुरू.

आपल्या एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास आठवा. चार दिवसांचा पास काढला की दिवस सरायला लागतात. मग तुम्ही रोज गाड्या बदला नाहीतर गणपतीपुळ्याला लॉजवर झोपून राहा. इथेही तसंच. मध्ये वर्षभर शिक्षण सोडलं, कॉलेज बदललं, बाकावर बसून राहिलात, तरी घड्याळ थांबत नाही. सैन्यातली सेवा, चर्चचं अधिकृत मिशन, खेळाडू मुलीचं गरोदरपण अशा मोजक्या कारणांना सूट आहे. बाकी सगळ्यांना अर्ज करून सवलत मागावी लागते, आणि बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

रेडशर्ट म्हणतात ते काय?

पाच आणि चार यांच्यातलं उरलेलं एक वर्ष. त्या वर्षी खेळाडू संघाबरोबर सराव करतो, जेवतो, वजनं उचलतो, पण सामने खेळत नाही. त्यामुळे त्याचा हंगाम खर्ची पडत नाही. फुटबॉलमध्ये २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळायची मुभा आहे. पाचव्या सामन्यात एका डावापुरता जरी उतरला तरी हंगाम गेला. त्यामुळे दरवर्षी सप्टेंबर संपता संपता काही खेळाडू अचानक "आता या वर्षी खेळणार नाही" असं जाहीर करतात. ते रुसलेले नसतात, वर्ष वाचवत असतात.

दुखापतीची सूट वेगळी. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यातच दुखापत झाली असेल आणि खेळाडू तीस टक्क्यांहून जास्त सामने खेळला नसेल, तर तो हंगाम परत मिळू शकतो. सहावं वर्ष हवं असेल तर मात्र एकाहून जास्त हंगाम आपल्या हातात नसलेल्या कारणाने गेले, हे कागदोपत्री दाखवावं लागतं. 'कागदोपत्री' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बातम्यांत 'ज्युनिअर कॉलेज' येतं ते आपलं अकरावी-बारावीचं का?

नाही, आणि या घोटाळ्यापायी अर्धी चर्चा भलतीकडे जाते. महाराष्ट्रात ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेत बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या, कमी फीच्या कॉलेजला ज्युनिअर किंवा कम्युनिटी कॉलेज म्हणतात. तिथून दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात जाता येतं. ज्यांना शाळेतून थेट बोलावणं आलं नाही, ज्यांचे मार्क कमी पडले किंवा ज्यांच्या घरी पैसे नव्हते, अशी मुलं तिथे खेळून नाव काढतात. त्यांच्या स्पर्धा चालवणारी संघटना निराळी आहे, तिचा एनसीएएशी संबंध नाही. तरी तिथे खेळलेला हंगाम एनसीएए आपल्या चार हंगामांत धरते.

वाद सुरू झाला तो नेमका इथे.

डिएगो पाविया कोण? सगळे त्याचंच नाव का घेतात?

अल्बुकर्कीचा मुलगा. शाळा संपली तेव्हा कुणाही मोठ्या विद्यापीठाने त्याला विचारलं नाही, म्हणून तो रॉसवेलच्या न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये गेला. नावात मिलिटरी असली तरी खेळापुरतं ते ज्युनिअर कॉलेज. २०२१ मध्ये त्याने त्यांना ज्युनिअर कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकून दिलं. मग दोन हंगाम न्यू मेक्सिको स्टेटकडे आणि २०२४ मध्ये टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टकडे.

व्हँडरबिल्ट म्हणजे अभ्यासात पुढे आणि फुटबॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मार खाणारं विद्यापीठ. ५ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी पहिल्या क्रमांकावरच्या अलाबामाला ४०-३५ ने हरवलं. त्या रात्री पोरांनी मैदानातला गोलपोस्ट उपटला, खांद्यावर घेऊन शहराच्या भर बाजारपेठेतून मिरवत नेला आणि कम्बरलँड नदीत विसर्जित केला. अनंत चतुर्दशी पाहिलेल्या माणसाला त्या चित्रफितीत समजावून सांगण्यासारखं काही नाही.

हा हंगाम संपला की पावियाचा हिशेबही संपणार होता. २०२० चं वर्ष कोव्हिडमुळे माफ होतं, पण २०२१ चा ज्युनिअर कॉलेजचा हंगाम धरून चार पुरे होत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने नॅशव्हिलच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात दावा लावला. म्हणणं सरळ होतं. शाळा संपल्यावर एखादा मुलगा वर्षभर खासगी प्रेप स्कूलमध्ये, म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या फीवाल्या शाळेत, खेळला तर त्याचा हंगाम मोजत नाही. ज्युनिअर कॉलेजात खेळला तर मोजता. मग ज्युनिअर कॉलेजात जाण्याची ही शिक्षाच झाली, आणि तिची किंमत मी पैशात मोजतो आहे. पुढच्या हंगामात नाव, चेहरा आणि जाहिरातींतून दहा लाख डॉलरांहून अधिक मिळतील, असं दाव्यात लिहिलं होतं.

१८ डिसेंबर २०२४ ला न्यायाधीश विल्यम कॅम्बेल यांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला: एनसीएएने पावियाला अडवायचं नाही. पाचच दिवसांत एनसीएएने पावियासारख्याच स्थितीतल्या सगळ्यांना एका वर्षाची सरसकट सवलत जाहीर केली, पण फक्त २०२५-२६ पुरती, आणि सोबत अपीलही केलं. ही दुहेरी चाल बघून मला हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी आठवतो, जो दंड माफ करतो पण "याचा पायंडा पडणार नाही" असं इतिवृत्तात लिहून ठेवतो. पायंडा अर्थातच पडला.

अपिलाचं काय झालं?

सहाव्या सर्किटच्या, म्हणजे टेनेसी ज्यात येतं त्या विभागाच्या फेडरल अपील कोर्टाने १ ऑक्टोबर २०२५ ला ते काढून टाकलं. कारण, पाविया तोवर खेळत होता, एनसीएएने स्वतःच सवलत दिली होती, तेव्हा ठरवायला उरलं काय? ज्युनिअर कॉलेजचा हंगाम मोजणं कायद्यात बसतं की नाही, हा मूळ प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

विद्यापीठ क्रीडेतल्या नियमावर कोर्टात जायला कायदा तरी कोणता?

इथे जरा थांबावं लागेल, कारण खरी गंमत यातच आहे.

आपल्याला पहिल्यांदा वाटतं की अन्याय झाला म्हणजे घटनेने दिलेल्या हक्कांवर दाद मागावी. ती वाट बंद आहे. १९८८ मध्ये बास्केटबॉल प्रशिक्षक जेरी तारकानियन यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की एनसीएए ही सरकारी यंत्रणा नव्हे, त्यामुळे सरकारवर असलेली घटनेची बंधनं तिला लागू होत नाहीत. आपल्याकडे बीसीसीआयच्या बाबतीत हेच झालं. २००५ च्या झी टेलिफिल्म्स खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ३ विरुद्ध २ असं ठरवलं की बीसीसीआय म्हणजे 'राज्य' नव्हे. फरक एवढाच, की आपल्या कोर्टाने उच्च न्यायालयात रिट करायची खिडकी उघडी ठेवली. अमेरिकन खेळाडूला तीही नाही.

मग उरतो १८९० चा शर्मन कायदा, म्हणजे मक्तेदारीविरोधी कायदा. वाशीच्या मार्केटात सगळ्या आडत्यांनी एकत्र बसून "कांद्याला यापेक्षा जास्त कुणी द्यायचं नाही" असं ठरवलं तर ते जसं बेकायदा, तसंच इथे. कॉलेजं एकमेकांची स्पर्धक आहेत, चांगला खेळाडू मिळवायला झगडतात. तीच कॉलेजं एकत्र येऊन "पाचव्या हंगामाला कुणीही खेळाडू घ्यायचा नाही" असा नियम करतात, तेव्हा तो स्पर्धकांमधला करार ठरतो का, हा प्रश्न.

एनसीएएचं उत्तर ठरलेलं: हा बाजाराचा नियम नाही, शिक्षणाचा आहे. चार वर्षांची पदवी, चार वर्षांचा खेळ. १९८४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या टीव्ही हक्कांच्या खटल्यात एनसीएए हरली खरी, पण कॉलेज खेळाचं वेगळेपण टिकवायचं तर खेळाडूंना पैसे देता कामा नयेत, अशा आशयाचं एक वाक्य न्यायमूर्ती स्टीव्हन्स त्या निकालात लिहून गेले. पुढची पस्तीस वर्षं एनसीएएने ते एकच वाक्य ढालीसारखं वापरलं. २१ जून २०२१ ला ॲल्स्टन खटल्यात सुप्रीम कोर्टाने ९ विरुद्ध ० असा निकाल देऊन ती ढाल काढून घेतली. इतर कुठल्याही धंद्याला लागतो तोच कायदा तुम्हालाही लागतो, असं सांगितलं. तो खटला शिक्षणाशी जोडलेल्या लाभांपुरता होता, पात्रतेच्या वर्षांचा नव्हता. पण दार एकदा किलकिलं झालं की वारा कुठून येतो ते कोण बघतं.

पण हे सगळं आत्ताच का? नियम तर जुना आहे.

कारण वर्षाला आता भाव आला आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घेता येऊ लागले. त्यालाच एनआयएल म्हणतात. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी हाउस आडनावाच्या खेळाडूने एनसीएएवर लावलेल्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यात जुन्या खेळाडूंना २.८ अब्ज डॉलरची भरपाई आहे, आणि कॉलेजांना स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना थेट पैसे देण्याची परवानगी. पहिल्या वर्षी मर्यादा कॉलेजमागे साधारण २ कोटी ५ लाख डॉलर.

पूर्वी पाचवं वर्ष म्हणजे अजून एक वर्ष फुकट शिक्षण आणि गुडघ्याला अजून एक धोका. आता तो पगाराचा हंगाम आहे. माझं मत विचाराल तर सगळं प्रकरण या एका बदलात आहे. नियमाचं एक अक्षरही बदललं नाही. बदललं ते त्या नियमाने काय हिरावलं जातं, ते. एनसीएए अजूनही "शिक्षणाची वर्षं" म्हणते आणि समोरचा वकील "उत्पन्नाचं वर्ष" म्हणतो. एकाच वर्षाची ही दोन नावं आहेत.

ही मुलं सरळ व्यावसायिक लीगमध्ये का जात नाहीत?

बहुतेकांना तिथे कुणी घेत नाही. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये २०२५ साली नवख्याचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता, पण तो मुख्य संघात टिकणाऱ्याला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या यादीत, नाव न आलेला मुलगा सराव पथकात लटकतो, कधीही काढला जातो. बास्केटबॉलमध्ये तर फरक आणखी ठळक आहे. टेनेसीचा झकाई झिगलर चार हंगाम पूर्ण खेळला आणि पाचवा मागायला कोर्टात गेला, तेव्हा त्या एका हंगामात २० ते ४० लाख डॉलर मिळू शकतात, असं त्याच्या दाव्यात होतं. जिथे आपण आधीच मोठे आहोत तिथे अजून वर्षभर राहावं, हा हिशेब कुठल्याही व्यवहारी घरात पटेल.

मग कोर्टात गेलेले सगळे जिंकतात का?

मुळीच नाही. झिगलर जून २०२५ मध्ये हरला. त्याचा युक्तिवाद पावियापेक्षा वेगळा, आणि जास्त धाडसी होता: ज्युनिअर कॉलेजचा प्रश्नच नव्हता, "घड्याळ पाच वर्षांचं आहे तर हंगाम चारच का?" एवढंच विचारणं होतं. त्याला नाही म्हणणाऱ्या नॉक्सव्हिलच्या न्यायाधीश कॅथरीन क्राइत्झर यांनीच त्याआधी मार्चमध्ये टेनेसीचाच बेसबॉलपटू अल्बर्टो ओसुना यालाही नकार दिला होता. ओसुना ज्युनिअर कॉलेजातून आलेला, म्हणजे पावियाच्याच वर्गातला. राज्य एक, नियम एक, मुद्दा जवळजवळ एक. नॅशव्हिलला हो आणि नॉक्सव्हिलला नाही. दोन्ही शहरांत मोटारीने तीनेक तासांचं अंतर आहे.

न्यू जर्सीत रटगर्सचा जेट एलाड एप्रिल २०२५ मध्ये जिंकला. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चार फुटबॉलपटूंना ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर असताना, हुकूम मिळाला. उलट विस्कॉन्सिनचा निझायर फोर्केरन आधी जिंकून मग हरला. तो दुसऱ्या डिव्हिजनच्या ग्रँड व्हॅली स्टेटमधून आलेला. खालच्या कोर्टाने फेब्रुवारीत त्याच्या बाजूने हुकूम दिला, आणि सातव्या सर्किटने १६ जुलै २०२५ ला २ विरुद्ध १ मतांनी तो उलटवला.

तो उलटवताना काय म्हटलं, ते महत्त्वाचं आहे. नियम चांगला आहे, असं कोर्टाने म्हटलं नाही. म्हटलं ते एवढंच की खेळाडूने बाजार नीट मांडलाच नाही. मक्तेदारीच्या खटल्यात नुसतं "माझं नुकसान झालं" म्हणून भागत नाही. कुठला बाजार, त्यात स्पर्धा कशी बिघडली, ते दाखवावं लागतं. आडत्यांच्या उदाहरणात सांगायचं तर, तुमचा कांदा नाकारला गेला एवढं पुरत नाही, सगळ्या बाजाराचा भाव पडला हे दाखवा. एका खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू आला तर बाजार बिघडला कसा? या प्रश्नावर कोर्टाकोर्टांत मतं फाटली आहेत.

२०२६ मध्ये राज्यांच्या कोर्टांची नावं का यायला लागली?

वकिलांनी वाट बदलली. फेडरल कोर्टात बाजाराची व्याख्या मागतात, तज्ज्ञांचे अहवाल मागतात. राज्याच्या कोर्टात सांगता येतं: एनसीएएचे नियम हा कॉलेजांशी केलेला करार आहे, तो माझ्या भल्यासाठी आहे, आणि एनसीएए तो सद्भावनेने पाळत नाही. शिवाय, उघडच बोलायचं तर, कोर्टरूमच्या बाहेरचं गाव कुठल्या रंगाची टोपी घालतं, हेही वकील बघतात.

ट्रिनिडॅड चॅम्बलिसचं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये त्याने फेरिस स्टेटला दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद जिंकून दिलं, मग ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठात, राखीव क्वार्टरबॅक म्हणून आला. पहिल्या पसंतीचा मुलगा जखमी झाला, हा उभा राहिला आणि संघाला राष्ट्रीय प्लेऑफच्या उपांत्य फेरीपर्यंत घेऊन गेला. ८ जानेवारी २०२६ ला मायामीकडून हरले. दुसऱ्याच दिवशी सहाव्या वर्षाचा अर्ज फेटाळल्याचं कळलं. २०२२ चा हंगाम आजारपणात गेला, असं त्याचं म्हणणं. त्या काळचे वैद्यकीय कागद पुरेसे नाहीत, असं एनसीएएचं. मिसिसिपीच्या चॅन्सरी कोर्टात (हे राज्याचंच एक दिवाणी कोर्ट) सुनावणी झाली आणि १२ फेब्रुवारीला न्यायाधीश रॉबर्ट व्हिटवेल यांनी त्याच्या बाजूने तात्पुरता हुकूम दिला.

त्याच महिन्यात टेनेसीचा क्वार्टरबॅक जोई अगिलार नॉक्सव्हिलच्या चॅन्सरी कोर्टात हरला, तोही आपल्या विद्यापीठाच्याच गावात. म्हणजे टोपीचा रंग दरवेळी उपयोगी पडतोच असं नाही.

अलाबामाचं प्रकरण याहून विचित्र. चार्ल्स बेडियाको दोन हंगाम खेळून २०२३ मध्ये एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये उतरला, निवड झाली नाही, तरी व्यावसायिक करार करून खालच्या लीगमध्ये खेळत राहिला. २०२६ च्या जानेवारीत तो परत कॉलेजच्या संघात यायला निघाला. विद्यापीठाच्याच गावातल्या, टस्कलूसाच्या कोर्टाने २१ जानेवारीला तात्पुरती परवानगी दिली आणि तीन दिवसांनी तो मैदानात होता. मग ते न्यायाधीश विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे देणगीदार असल्याची बोंब झाली, त्यांनी खटल्यातून अंग काढून घेतलं, दुसरे न्यायाधीश आले आणि ९ फेब्रुवारीला परवानगी संपली. तोवर पाच सामने झाले होते. पावियाला कुणी हौशी म्हणो न म्हणो, तो कॉलेज सोडून कुठे गेला नव्हता. बेडियाको जाऊन परत आला. दोघांना एका माळेत ओवणाऱ्या बातम्या वाचताना सांभाळा.

तात्पुरत्या हुकुमावर खेळला आणि पुढे खटला हरला, तर ते सामने बाद होतात का?

एनसीएएच्या नियमावलीत तशी तरतूद आहे, 'परतफेडीचा नियम' म्हणा. कोर्टाच्या हुकुमावर खेळलेला खेळाडू शेवटी अपात्र ठरला, तर संघाचे विजय रद्द करणं, विक्रम पुसणं, कॉलेजला दंड करणं, असं सगळं करता येतं. या भीतीने प्रशिक्षक हुकूम हातात असूनही खेळाडूला बाकावरच ठेवू शकतो. म्हणून चाणाक्ष वकील नुसती खेळायची परवानगी मागत नाहीत, हा नियम वापरायलाही मनाई मागतात. पावियाच्या हुकुमात ती होती.

आणि एक साधी गोष्ट. हंगाम तीन-चार महिन्यांचा, खटला वर्षानुवर्षांचा. त्यामुळे तात्पुरता हुकूम हाच प्रत्यक्षात अंतिम निकाल ठरतो. ज्याला मिळाला तो खेळून मोकळा होतो, ज्याला नाही मिळाला त्याचं वय निघून जातं.

नऊ-नऊ वर्षं कॉलेजात खेळणारे खेळाडू कुठून आले?

ते खटल्यांतून नव्हे, कोव्हिड आणि दुखापतींतून. २०२०-२१ चा हंगाम एनसीएएने सगळ्यांना माफ केला. त्यात आधीच मोडलेलं हाड असेल तर वर्षं वाढतच गेली. कॅम मॅकॉर्मिक २०१६ मध्ये ओरेगनला दाखल झाला आणि २०२४ मध्ये मायामीकडून खेळत होता. नववं वर्ष! सगळं नियमात बसवून. असा माणूस डोळ्यांसमोर असताना "चार वर्षांची पदवी, चार वर्षांचा खेळ" हे वाक्य कोर्टात म्हणणाऱ्या वकिलाची कीव येते.

शाळेतून येणाऱ्या मुलांच्या जागा जातात त्याचं काय?

हा मुद्दा खेळाडूंच्या बाजूने बोलणारे टाळतात, म्हणून मुद्दाम लिहितो. हाउस तडजोडीनंतर फुटबॉल संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू ठेवता येतात. तेविशीचा तयार खेळाडू एक वर्ष थांबला की अठरा वर्षांच्या एका मुलाची जागा गेली. त्या मुलाचा वकील कोर्टात नसतो. त्याला आपली जागा गेली हे कळतही नाही, फक्त कुणाचा तरी फोन येत नाही. मग तो ज्युनिअर कॉलेजात जातो, आणि चार वर्षांनी तोच पाविया होतो.

मला स्वतःला मर्यादा असणं गैर वाटत नाही. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांनाही वयाची अट असते आणि कुणी तिच्यावर मोर्चा काढत नाही. पण मर्यादा मोजायची तर सगळ्यांची एकाच मापाने मोजा. प्रेप स्कूलचं वर्ष सोडायचं आणि ज्युनिअर कॉलेजचं धरायचं, यात पैसेवाल्या घरातल्या मुलाला सूट आणि गरिबाला काट, असं होतं. एनसीएएने हे माप वेळीच सरळ केलं असतं तर निम्मे खटले उभेच राहिले नसते.

पाच वर्षांत पाच हंगाम देऊन टाकले तर?

प्रशिक्षक मंडळी हे बरीच वर्षं म्हणत आहेत. रेडशर्टची भानगडच संपेल, सप्टेंबरातली नाटकं थांबतील. सप्टेंबर २०२५ मध्ये व्हँडरबिल्टचा लँगस्टन पॅटरसन आणि इतर काही खेळाडूंनी नॅशव्हिललाच एक सामूहिक दावा लावला आहे, त्यात हीच मागणी आहे. पण पाच दिल्यावर सहाव्यासाठी कुणी कोर्टात जाणार नाही, असं समजणारा माणूस वकिलांना भेटलेला नसावा.

अमेरिकन काँग्रेस कायदा का करत नाही?

एनसीएएला नेमकं तेच हवं आहे. अध्यक्ष चार्ली बेकर हे मॅसेच्युसेट्सचे माजी गव्हर्नर, राजकारण कोळून प्यालेले. २०२३ मध्ये त्यांना आणलं ते बहुधा याचसाठी. मागणी अशी की मक्तेदारीच्या कायद्यातून आम्हाला मर्यादित सूट द्या, म्हणजे पात्रतेचे नियम देशभर सारखे लागू करता येतील. बेसबॉलच्या व्यावसायिक लीगला अशी सूट सुप्रीम कोर्टाने १९२२ मध्येच दिली, ती अजून आहे. कॉलेज खेळांसाठी 'स्कोअर' नावाचं विधेयक आलं, डिसेंबर २०२५ मध्ये मतदानाच्या उंबरठ्यावरून मागे घेतलं गेलं.

पावियाचं पुढे काय झालं?

त्या एका जास्तीच्या हंगामात व्हँडरबिल्टने नियमित हंगामातले १२ पैकी १० सामने जिंकले. सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीच्या मतदानात पाविया दुसरा आला. पहिला इंडियानाचा फर्नांडो मेंडोझा. मनाई हुकूम नसता तर यातलं काहीच घडलं नसतं.

भारतातून शिकायला जाणाऱ्या खेळाडूंना हे लागू होतं का?

होतं, आणि इथे आपल्या मुलांचं नुकसान अगदी साध्या गोष्टीत होतं. घड्याळ सुरू व्हायला अमेरिकन कॉलेजच लागतं असं नाही. पुण्यात किंवा मुंबईत बारावीनंतर पूर्णवेळ पदवीला नाव घातलं आणि वर्गात बसायला सुरुवात केली, की पाच वर्षं सुरू. "यंदा इथे एफवाय करू, तोवर तिकडचं जमवू" म्हणून घेतलेला प्रवेश एक वर्ष खाऊन बसतो. अकरावी-बारावीची दोन वर्षं मात्र मोजत नाहीत, कारण ती शाळेतली धरली जातात. फॉर्मवर 'ज्युनिअर कॉलेज' लिहिलेलं बघून तिकडचा कारकून गोंधळू शकतो. बोर्डाची गुणपत्रिका सोबत जोडा. बारावीनंतर थांबून किती काळ स्पर्धा खेळता येते, त्याचे नियम वेगळे आहेत आणि टेनिसचे जास्त कडक आहेत.

ही वाट चालून गेलेले आहेत. उंच उडीचा तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून खेळला आणि २०१८ व २०२२ अशी दोनदा एनसीएएची स्पर्धा जिंकला. पैशाच्या बाबतीत मात्र अमेरिकन मुलांशी तुलना करू नका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर काम करण्याच्या अटी कडक आहेत, आणि जाहिरातीचा करार सही करण्याआधी विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारावं लागतं.

प्रवेश घेताना आमच्याकडे एक तारीख कुणी लिहून ठेवत नाही, ती म्हणजे पहिल्या तासाला प्रत्यक्ष बसल्याची. प्रवेश रद्द केला असेल तर रद्द केल्याची पावती आणि "विद्यार्थी एकाही तासाला हजर नव्हता" असं कॉलेजचं पत्र, दोन्ही त्याच आठवड्यात मागून घ्या. तीन वर्षांनी ते पत्र मागायला गेलात तर ऑफिसातला माणूस बदललेला असतो.